आयरिश बासरीची कॅसेट

आज सकाळी रेडिओवर एका आयरिश बासरीवाल्याचं फार जुनं ध्वनिमुद्रण लागलं आणि चहा पिता पिता ह्यांची बोटं कपावर अडखळत हलू लागली.

लग्नानंतर ह्यांनी अशाच धुनांची एक कॅसेट आणली होती. ती पुन्हा पुन्हा ऐकून हे आपल्या बासरीवर एकेक धून बसवत असत. एकदा मी सहज म्हटलं, "सगळं एकसारखंच तर वाजतं." त्यानंतर ह्यांनी बासरी हातात घेतली नाही. माणूस गप्प झाला की आपण समजतो, त्याची हौस फिटली.

आज मी म्हटलं, "वाजवा ना पुन्हा."

"आता बोटं वळत नाहीत गं," हे हसून म्हणाले आणि माझ्यासाठी त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला.