आठचा मिस कॉल

मंचरच्या कांद्याच्या वखारीत वैजयंतीच्या रागाला सगळे टरकून असत. अंगठ्यानं मान दाबली की आतून सडलेला कांदा तिला न बघता कळायचा, आणि कुणी तो चांगल्यात सरकवला की ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. वय अवघं वीस, पण मुकादमसुद्धा तिच्या ढिगाला नाव ठेवत नसे.

हा राग काही उगाच आलेला नव्हता. शिनोलीत आई-बाप वर्षाच्या अंतरानं गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. रक्त तपासलं तर तिलाही एचआयव्ही. चुलती लंकाबाईनं घरात ठेवून घेतलं, पण ताट वेगळं, तांब्या वेगळा आणि ते घासायचे अंगणाच्या कडेला. येणाराजाणारा तिच्यादेखत म्हणायचा, पोरगी काय आता फार दिवसांची नाही. वैजयंती मात्र वाढत गेली, न्हातीधुती झाली, वखारीत कामाला लागली. ती मरत नाही याचा गावाला जणू वैतागच आला होता.

पुढं सरकारी गोळ्या सुरू झाल्या. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, जन्मभर. गोळ्या वाटपाच्या केंद्रातल्या बाकड्यावर तिला तिच्यासारखी आणखी सहा जणं भेटली. सगळी अठरा-वीसची, सगळी घरात तोंड दाबून बसलेली. महिन्यातून एकदा त्या बाकड्यावरच काय ती तोंडं उघडायची.

२००८ साल उजाडेपर्यंत प्रत्येकाच्या हातात कसला ना कसला मोबाइल आला होता. वैजयंतीनं टूम काढली. गोळी गिळली की तिला मिस कॉल द्यायचा. सहा जणांचे सहा. नियम एकच : फोन उचलायचा नाही, उचलला की समोरच्याचे पैसे जातात. ज्याचा कॉल येणार नाही त्याची खैर नाही. एकदा आरतीचा आला नाही तर ही पहिल्या एस.टी.नं तिच्या दारात जाऊन उभी राहिली आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाली, "माझं उसनं दळान कुठंय?" ही गोळीचं विचारतेय, हे आरतीला बरोबर कळलं.

एचआयव्ही झालेल्यांसाठी काम करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेतल्या मॅडमना हे समजलं आणि त्या हरखून गेल्या. वैजयंतीला दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिराला नेलं. तिथं आरशासमोर उभं राहून 'मी नेता आहे' असं दहादा म्हणायला लावलं. परत आल्यावर ती बाकड्यावर म्हणाली, "जेवान मातर चांगलं व्हतं." तरी मनातून ती सुखावली होती, हे कबूल केलं पाहिजे. 'फार दिवसांची नाही' म्हटल्या गेलेल्या पोरीला कुणीतरी पुढारी म्हणत होतं.

आणि मग अमृतचा रिपोर्ट आला.

अमृत मढचा. घरी डोंगरउतारावर भाताची खाचरं, आई-बाप नाहीत, जूनपासून जुन्नरला वसतिगृहात राहून कॉलेज करायचा. सहा जणांत त्याचा मिस कॉल सगळ्यात वक्तशीर. आठ म्हणजे आठ. आणि रक्तातली ताकद सांगणारा आकडा तीनशेवरून नव्वदवर आलेला. डॉक्टर म्हणाले, हा गोळ्या घेतच नाही.

वैजयंतीनं त्याला बाकड्यावरून उठवून भिंतीशी नेलं.

"खरं सांग."

"ताई, डबी खडखडती." तो खाली बघत होता. "पेटीतून काढली की आवाज व्हतो. खोलीत आमी आठ जनं. 'काय रं, कसल्या गोळ्या?' म्हनत्यात. मग डबीत कापूस कोंबला. तरी भ्या वाटायचं. मग टाकूनच दिल्या."

"आन् कॉल? कॉल रोज येत व्हता की तुझा!"

"तू वाट बघत असशील म्हनून."

तिनं हात उगारला, पण त्याच्या गालाची वर आलेली हाडं बघून हात तसाच राहिला. "माझ्यासाठी कॉल द्येतो? मी काय तुझी हजेरी घ्यायला बसले? मरशील आरं, भाड्या!" सगळं केंद्र वळून बघायला लागलं. तिला त्याचा राग आला, त्याच्या खोलीतल्या पोरांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. कांद्याची मान दाबून सड ओळखणारीनं तीन महिने रिकामी रिंग मोजली होती. फोन उचलायचा नाही हा नियम तिचाच.

डॉक्टरांनी अमृतला समजावून पुन्हा डबी दिली. पुन्हा गोळ्या सोडल्या तर पुढं हातात फार काही राहणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

चौथ्याच दिवशी मंचरच्या मंगल कार्यालयात मिस कॉलच्या कल्पनेबद्दल संस्थेनं ठेवलेला तिचा सत्कार होता. पुण्याहून पाहुणे आलेले. मॅडमनी तिच्या हातात ओढणी दिली. "तोंडाला गुंडाळ गं, तुझ्याच भल्यासाठी. आणि सांग, आमच्या गटात गोळ्या शंभर टक्के."

"शंभर न्हाईत, मॅडम. एक पोरगं मरायला टेकलंय."

"ते आज नको ना."

त्या 'आज नको'नं तिचं डोकं सणकलं. ओढणी खुर्चीवर टाकून ती उघड्या तोंडानं माइकपाशी गेली. "ही माझी मिस कॉलची आयडिया खोटी निघाली," ती म्हणाली. "आमी फोन वाजवला, पन कुनी कुनाला इचारलं न्हाई. तुमी तर फोनबी वाजवला न्हाई, नुसती नारळं आनली." टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळेना. मॅडमनी घाईनं माइक घेतला. शाल तशीच घडीची राहिली.

संध्याकाळी आठ वाजता ती मंचरच्या स्टँडवर होती. गाड्यांचे हॉर्न वाजत होते. पाच मिस कॉल आले आणि सहावाही आला, अगदी वेळेवर. तिनं उलटा फोन लावला आणि वाजू दिला. त्यानं तोडला. तिनं पुन्हा लावला. त्यानं पुन्हा तोडला.

तिसऱ्यांदा त्यानं उचलला. मागं पोरांचा गलका होता.

"ताई, पैसं जात्यात तुझं."

"जाऊ दे. घेतली?"

"न्हाई. पोरं हायेत हितं."

"डबीत परत कापूस कोंबला आसशील, त्यो काढ आन् हलव. मला ऐकू दे. लाज वाटत आसंल तर भाईर जा, मी थांबते."

गलका तसाच ऐकू येत राहिला. तो बाहेर गेला नाही. पेटीचं झाकण वाजलं, आणि मग ती खडखड आली, चांगली मोठी. गलका थांबला. कुणीतरी विचारलं, "काय रं त्ये?"

"माझ्या गोळ्या हायेत," अमृत म्हणाला. "रोजच्या."

वैजयंतीनं डोळे पुसले आणि फोनवर ओरडली, "आता पानी पी, मुडद्या! सकाळी आठलाबी उचलायचा."