माझा पाय, त्यांची पाठ

आबा अंगणात पालथे पडलेले. खाली गोणपाट. उघडी गोरी पाठ. त्या पाठीवर त्यांच्या बायकोने ओलं फडकं पसरलं. चौघडी करून. माझा पाय आबांच्या कातडीला लागू नये म्हणून.

मी नऊ वर्षांची असेन. नायतर दहा. कोणी लिहून ठेवलेलं नाय.

"ये गो पायाळ्ये," काकी म्हणाल्या. "तीनदा पाय लाव. आणि इकडेतिकडे बघू नको. खाली मान घाल."

मी पायाळू. आयशीच्या पोटातून आधी पाय आले, मंग डोकं. आमच्याकडे अशा माणसाचा पाय उसण भरलेल्या पाठीला लावतात. उसण उतरते म्हणतात. आबांची आंब्याची बाग, आम्ही त्या बागेत राबणारी माणसं. बोलावलं की जायचं.

मी पाय लावला. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी आबा "हं" म्हणाले. जरा वेळाने उठून बसले. काकींनी ते फडकं काठीने उचललं आणि शेणाच्या खड्ड्यात टाकलं. मी उभी व्हते तिथे तांब्याने पाणी ओतलं. मी बाजूला सरकले, तर तिथे पण ओतलं. केळीच्या पानाच्या तुकड्यावर मूठभर पोहे ठेवले आणि लांबून सरकवले.

मी ते खाल्ले. भूक व्हती. फडक्यापेक्षा ते पोहे मला जास्त टोचतात, अजून.

दुसऱ्या दिवशी आबा बागेत ताठ चालत जाताना दिसले. मला वाटलं, आता बघतील माझ्याकडे. मीच ताठ केलं व्हतं ना. नाय बघितलं.

पायाळूवर वीज पडते, असं पण म्हणतात. आभाळ गडगडायला लागलं की पोरं मला शाळेच्या पडवीतून बाहेर ढकलायची. "लांब उभी रा गो, आमच्यावर पडेल." मास्तर बघायचे आणि फळा पुसायला वळायचे. मी कातळावर एकटी उभी. वीज कधी पडली नाय. शाळा मात्र तिसरीतच सुटली.

लग्न झालं. घो मुंबईला, वर्षातून एकदा यायचा. मंग तिथेच वारला. पोटचा झिलगा पण तिकडेच. फोन करतो. "बरी हायस ना?" विचारतो. "बरी हाय" म्हणते. पुढे त्याला काय बोलावं कळत नाय, मला पण नाय.

घरात मी आणि माझा पाय.

खोटं नाय सांगत, पाय व्हता म्हणून माणसं दारात यायची. यायची, पालथी पडायची, उठायची, जायची. लग्नाचं बोलावणं देताना घर चुकायचं त्यांना. कंबर धरली की बरोबर सापडायचं. मी गावातल्या पाठी ओळखते. कोणाच्या पाठीवर तीळ, कोणाची डावीकडे खेचलेली. तोंडं त्या मानाने कमी ओळखते.

त्यातली एक पाठ भागीची. माझ्या खालच्या घरात राहायची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, वाळून काटकी झालेली. तीच एकटी कंबर दुखत नसताना पण यायची. दळण घेऊन बसायची, घोवाला शिव्या घालायची, मला पण घालायची. "मेल्ये, तुझ्या घरात मीठ तरी असतं काय गो कधी?" म्हणायची.

भागी एकदा गवताचा भारा घेऊन घसरली आणि कुल्ल्यावर बसली. दोन दिवसांनी धरत धरत आली.

"लाव गो पाय. तुझा पाय असताना दवाखान्यात कशाला जाऊ?"

मी लावला. नेहमीसारखा. जरा जोर दिला, कारण ती म्हणाली, दे जोर.

आवाज आला. सुकी काठी मोडावी तसा. भागीने बोटं जमिनीत रुतवलीन.

त्यानंतर ती चालली नाय. दोन पावसाळे अंथरुणात काढलीन आणि गेली. मला कोण बोललं नाय. तिच्या सुनेने तर मलाच चहा दिलान. "नशीब," सगळे म्हणाले. मी पण म्हटलं. मनात म्हटलं, माझा पाय बाटला असेल काय तरी. उपास धरले. दुसरं काय सुचणार? माझा पाय म्हणजे देवाची देणगी, असं लहानपणापासून ऐकलेलं. देणगीला कोण विचारतं, तू कशी चालतेस, कुठे चालत नायस?

आता मी जे सांगणार ते अलीकडचं. आबांचा नातू परदेशात शिकून आला. रत्नागिरीत त्याने दवाखाना काढला. कायरोप्रॅक्टिक. ते नाव महिनाभर माझ्या तोंडात बसलं नाय. मणके हाताने जागेवर बसवायचे, असं ते शिक्षण. झाडायला-पुसायला बाई पायजे व्हती. जुनं माणूस म्हणून मला घेतलं. एसटीने जायची, एसटीने यायची. तिथे मला सगळे मावशी म्हणायचे. नाव कोणी विचारलं नाय.

रविवारी वरच्या माळ्यावर वर्ग भरायचा. पंधरा-वीस पोरंपोरी. कोण व्यायामशाळेत शिकवणारा, कोण मालिश करणारा, कोण कॉलेजातली. मी जिन्यात बसून असायची, चहा वर न्यायला.

पहिल्या रविवारी डॉक्टर, म्हणजे तोच नातू, म्हणाले, "हात शिकवायची घाई नाही. आधी तत्त्व, मग हात."

मी जिन्यात कान दिला.

ते म्हणाले, शरीराला स्वतःची अक्कल असते. बोट कापलं तर मलम भरून काढत नाही, आतलीच अक्कल भरून काढते. मेंदूचे निरोप मणक्याच्या आतून सगळ्या अंगात जातात. वाट अडली तर ती मोकळी करायची, एवढंच आपलं काम. बरं करणारे आपण नव्हे.

एका पोराने विचारलं, "सर, पण हाडांचे बरेचसे डॉक्टर हे सगळं मानत नाहीत ना?"

"नाही मानत," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीसुद्धा डोळे झाकून मानू नका. विचारा. कोणी हात लावायला सांगितलं तर आधी विचारा, का?"

हे सगळं खरं की खोटं, मला अजून ठाऊक नाय. पण "का" विचारा, असं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. सत्तरी उलटल्यावर. आणि ते पण मला सांगितलेलं नव्हतं.

तेव्हापासून रविवार कधी येतो, असं व्हायचं. टेबलावर दांडीला प्लास्टिकचा कणा टांगलेला असायचा. तो पुसायचं काम माझं. पुसता पुसता मोजायची. मानेचे सात. पाठीचे बारा. कमरेचे पाच. घरी आले की एकटीच भिंतीला टेकून आपल्या पाठीवर हात मागे नेऊन मोजायची. हात पोचायचा नाय सगळीकडे. मोजून देणारं घरात कोण नाय.

चौथ्या-पाचव्या रविवारी डॉक्टरांनी फळ्यावर मोठं लिहिलं आणि वाचून दाखवलं. हात कुठे लावायचा नाही.

"म्हाताऱ्या बायका," ते म्हणाले. "हाडं आतून पोकळ झालेली असतात. अशी बाई पडून आली आणि पाठ दुखते म्हणाली, तर दाब द्यायचा नाही. आधी एक्स-रे, फोटो. मणका चेपलेला असू शकतो. तुम्ही दाब दिलात तर आतली शीर गेली. पाय गेले."

माझ्या हातात कपांचा ट्रे व्हता. मी खाली ठेवला. पायऱ्यांवर बसले.

भागी.

नशीब नव्हतं ते. माझा पाय बाटलेला पण नव्हता. ते कोणाला तरी माहीत व्हतं. कुठल्या तरी पुस्तकात लिहिलेलं व्हतं. आमच्यापर्यंत आलं नाय, इतकंच. आम्हाला पाय दिलान देवाने, म्हणून पुस्तक कोणी दिलं नाय.

मी वर गेले. दारात उभी राहिले. म्हटलं, "डॉक्टर, एक विचारू काय?"

सगळ्यांनी मागे बघितलं.

"चहा झाला का मावशी?" डॉक्टर म्हणाले.

मी चहा आणला.

मंग तो रविवार. पुण्याहून पाहुणे आलेले, त्यांचेच कोण शिकवणारे. मी कप उचलत व्हते. डॉक्टर म्हणाले, "मावशी, ट्रे ठेवा. इकडे या पुढे. आज तुमची गंमत दाखवू या सगळ्यांना."

खांद्याला धरून मला पुढे उभं केलं. "या आमच्या गावच्या पायाळू. जन्मतानाच उलट्या आल्या, म्हणून यांचा पाय लागला की कंबर सुटते. माझे आजोबासुद्धा यांच्याकडून लाथ खायचे! तत्त्व नसलं की काय होतं, त्याचा हा नमुना."

हशा झाला. एक दांडगा पोरगा उठला, जमिनीवर चटई घातलीन, पालथा पडला. "मावशी, हळू हां, लग्न व्हायचंय माझं!" परत हशा. मोबाइल वर आले.

पाहुण्यांतल्या बाई म्हणाल्या, "एक मिनिट. पाय धुतलेत ना त्यांनी?"

मी त्या पोराच्या पाठीकडे बघितलं. चांगली पाठ. रुंद, सरळ. काय झालेलं नाय तिला. माझा पाय उचलला गेला नाय. मी उचललाच नाय.

"मी नाय लावणार."

"अहो मावशी, गंमत आहे. लाजताय काय?"

"लाजत नाय," मी म्हटलं. "या पायाने बाई मारलेली हाय मी. भागी नाव तिचं. पडून आली व्हती. म्हातारी. तुम्ही फळ्यावर लिहिलंत तशीच. मी दाब दिला. मला ठाऊक नव्हतं. तुमच्या आजोबांना माझा पाय पायजे व्हता, त्यांनी कधी मला शाळेत बस म्हटलं नाय. तुम्हाला पण पायच पायजे."

कोणीतरी मोबाइल खाली केला. सगळ्यांनी नाय.

"तुम्हीच सांगितलंत ना डॉक्टर, बरं करणारे आपण नव्हे? मंग मी नमुना कशी, आणि तुम्ही सर कसे? मला खुर्ची द्या. मला शिकायचं हाय."

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं व्हतं. हसून, लहान पोराला सांगावं तसं म्हणाले, "मावशी, याला बारावी सायन्स लागतं. तुम्ही दमलाय आज. खाली जाऊन बसा."

माझ्यासाठी कोण उठलं नाय. चटईवरचा पोरगा उठला, तो आपले कपडे झाडत.

भिंतीला एक खुर्ची व्हती. मी ती ओढली. फरशीवर करकर वाजली. पहिल्या रांगेत ठेवली आणि बसले. हात मांडीवर.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "आपण ब्रेक घेऊ या," म्हणाले.

सगळे उठले. माझ्या दोन्ही बाजूंनी वाट काढत जिना उतरले. खाली हसण्याचा आवाज आला, मंग बोलण्याचा, मंग गाड्या सुरू झाल्याचा. वर्ग त्या दिवशी परत भरला नाय. मी बसून राहिले. समोर तो प्लास्टिकचा कणा. सात, बारा, पाच. मोठ्याने म्हटलं. ऐकायला कोण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला, कामाला येऊ नका.

गावात बातमी माझ्या आधी पोचलेली. म्हातारी माजली. खाल्ल्या घरावर उलटली. तरी आठ दिवसांनी वरच्या वाडीतला एक बापया आला, कंबर धरून. दारातच पालथा पडायला लागला.

"उठ," मी म्हटलं. "पाय लावणार नाय. पायात मुंग्या येतात काय? लघवीला अडतं काय? पडलास कुठे काय?"

"तू काय डॉक्टरीण हायस?" तो म्हणाला. "पाय लाव नायतर नाय म्हण."

"नाय. आधी दवाखान्यात जा. फोटो काढ."

तो गेला. मागे वळून "आता कोण फिरकतंय बघू तुझ्या दारात," असं म्हणालान.

खरं बोलला तो. कोण फिरकत नाय. भागी असती तर आली असती, शिव्या घालत. ती नाय, त्याला कारण मी. दिवसच्या दिवस माझ्या तोंडातून शब्द जात नाय. कोंबड्यांशी बोलते तेवढंच. मला ठाऊक व्हतं असं व्हणार. पाय बंद म्हणजे दार बंद.

तर असूदे.

मला एक अजून कळलेलं नाय. भागीचा मोडला तो मणका कितवा? कमरेच्या पाचांतला की वरचा? आणि मोडल्यावर त्याच दिवशी नेली असती तर पाय राहिले असते काय? हे मला कळायला पायजे. येत्या सोमवारी सरकारी दवाखान्यात जाणार हाय. रांगेत उभी राहून केसपेपर काढणार, हाडांच्या डॉक्टरसमोर बसणार. काय दुखतं विचारलं तर सांगणार, काय दुखत नाय, मला विचारायचं हाय. मागे रांग असेल, ओरडतील. उठवलं तर उठेन. पुढच्या सोमवारी परत केसपेपर काढेन.