तर्री घरी आहे

बसलेल्या माणसाला उठवण्यात माझ्या धाकट्या नणंदेचा हात धरणारं आमच्या अख्ख्या नंदनवन वस्तीत कोणी नाही. ती डॉक्टर नाही, व्यायाम शिकवणारी नाही. घरी ब्लाउज शिवते. पण स्वतः कॅन्सरमधून उठल्यापासून, त्यातून बाहेर पडलेल्या बायकांना चालतं करण्याचा तिने विडाच उचललाय, आणि ‘चाला’ हा शब्द मात्र ती चुकूनही तोंडातून काढत नाही.

माझे स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले, तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मी रोज उद्यावर ढकलायची. घरचे पाण्याचा ग्लाससुद्धा हातात देत, आणि मला ते गोड लागू लागलं होतं. अशात एका सकाळी नणंदेकडून पोहे आले, नुसते कोरडे. फोन केला, तर म्हणाली, “तर्री घरी आहे. गरम हाये तोवर ये.” नागपूरच्या माणसाला तर्रीच्या झणझणीत रश्श्याविना कोरडे पोहे म्हणजे छळच. तिचं घर गल्लीच्या टोकाला. मी चिडून चपला घातल्या. मग तिच्याकडून येणारं काहीच कधी पूर्ण येईना; उरलेलं आणायला मलाच जावं लागे. आमच्या गच्चीवरची कपड्यांची दोरीही ती येता-जाता जराजरा वर बांधत होती. ते माझ्या लक्षात आलं, तोवर ऑपरेशनच्या बाजूचा हात डोक्यावर जाऊ लागला होता.

सगळंच असं हसतखेळत झालं नाही. एकदा तिच्यासोबत भाजी आणायला जाताना मला धाप लागली. कुणाच्या तरी ओट्यावर बसून मी रडू लागले, आजार परत आला म्हणून. ती शेजारी बसली. म्हणाली, “मलेबी असंच वाटे, वहिनी. डॉक्टरले दाखवू, मी संग येईन. पण बसून बसूनबी अंग गंजते वं.” डॉक्टरांनी तपासलं. गंजच होता.

मग तिने मला हळूच सांगितलं की मागच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाईंचेही उपचार झालेत, एकट्या बाहेर पडायला घाबरतात, त्यांना जरा सोबत कर. मी मोठ्या मनाने जाऊ लागले. पावसाळाभर आम्ही दोघी चाललो, चिखल चुकवत, सुनांच्या गोष्टी करत. त्यांनी एकदा सहज विचारलं, “आता भीती गेली ना तुमची?” तेव्हा कळलं, त्यांनाही माझ्याबद्दल हेच सांगितलं होतं.

या हिवाळ्यात बाईंचा आजार उलटला. नणंद संध्याकाळी त्यांच्याकडे जाते, पायांना तेल लावते, तासन्‌तास बसून राहते. त्याबद्दल ती माझ्याशी बोलत नाही. आता चालायला आम्ही पाचसहा जणी असतो. बाईंनी पलंग खिडकीशी ओढून घेतलाय. त्यांच्या गल्लीत शिरलो की नणंद पाऊल हळू करते, आणि आम्ही सगळ्या जरा मोठ्यानेच बोलू लागतो.