रांगेतल्या चपला

यवतमाळच्या त्या दवाखान्यात समुपदेशक बाई फक्त गुरुवारी बसत. माझी झोप उडाली तेव्हा मी तिथं जायला लागलो. घाटंजीकडची वीसेक वर्षांची एक पोरगी नेमकी माझ्या आधीच्या नंबरावर असायची. तिच्या आतड्यांना कायमचे व्रण होते. कळ आली की ती ओढणी तोंडाशी धरायची, रांगेत चपला काढून ठेवायची आणि इमारतीमागच्या संडासाकडे अनवाणी धावायची.

चपला ठेवल्या की जागा राहते, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. शिपायाला कळत नव्हतं. तो नंबर पुकारायचा आणि 'ओ' आली नाही की पुढचा घ्यायचा.

"सांगून काहून नाही देत त्याले?" मी एकदा विचारलं.

"येवढ्या लोकायसमोर काय सांगू काका?" ती म्हणाली. "कॉलेज सुटलं, जुळलेलं लग्न मोडलं, जगणंच नको वाटते, म्हणून डॉक्टरनं इकडे धाडलं. अन् ज्या दुखण्यापायी आली, त्याच्याच पायी नंबर जाते."

तिसऱ्या गुरुवारी तिचा नंबर पुकारला तेव्हाही ती मागं संडासाकडेच होती. शिपायानं माझ्यादेखत तिच्या नावापुढं लिहिलं, 'समुपदेशनास नकार.' मला सगळं ठाऊक होतं. पण लगेच माझा नंबर आला, आणि मी तिच्या चपला ओलांडून आत गेलो.

बाईंनी विचारलं, "आता झोप लागते का?"

मी म्हणालो, "लागते."