पाटीखालची चुंबळ

दुष्काळाच्या साली मी खडीच्या कामावर होते. एकदा बाजाराला नगरला गेले, तर बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये एका चित्रकाराने तारेवर चित्रं टांगलेली. माणूस काटकुळा, कानावर ब्रश. पुण्याचे एक सर मुंबईच्या प्रदर्शनासाठी त्याचं एक चित्र न्यायला आले होते. चित्रात आमच्यासारखीच बाई, डोक्यावर दगडांची पाटी.

मी म्हटलं, "पाटीखाली चुंबळ कुठं हाय? डोकं फुटंल की तिचं!"

सर हसले. तो हसला नाही. स्वतःच्या टाळूवर हात ठेवून त्याने विचारलं, "ताई, केवढी लागते?"

मी फडकं गोल गुंडाळून डोक्यावर ठेवून दाखवलं. त्याने ब्रश काढला.

"अहो, झालेलं चित्र आहे ते! ओला रंग मी नेणार नाही," सर म्हणाले.

"नका नेऊ. झालंय म्हणून बाईचं डोकं फोडू का?"

सर रिकाम्या हाताने गेले. त्याने मानही वर केली नाही. मला चित्रातलं कळत नाही, पण कामाचा माणूस कळतो.

शेवटी मागे सरकून तो म्हणाला, "आता पेलेल का तिला?"

"पेलंल. आता चल म्हना तिला."