न उघडलेली बाटली

ये वं शांते, अशी जवळ बस, आधी मले रागावू दे. आपलं कुही गाव सोडून मले इतकी वर्षं झाली, तू एकदाही आली नाहीस. नागपूर काय विलायतेत आहे?

मी निघाली तेव्हा माय फाट्यावर बशीपर्यंत आली होती. मुळा आंबवायची चिनी मातीची बरणी रस्त्यात फुटेल म्हणून तिनं नाही दिली, मोहरीची पुरचुंडी तेवढी दिली. म्हणे, "बरणी तिथं पाहून घेजो. आन कोणाचं भांडं रिकामं परत नोको करू."

इथं एकच खोली. तुझे भाऊजी हिंगण्याच्या कंपनीत, बस नेते, बस आणते. शेजारच्या काकूकडे कॉफी पितात. त्यांच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या भंगारात चालल्या होत्या, त्यातली एक मी मागितली. घासून उन्हात वाळवली. मुळा, गाजर, वाटलेली मोहरी, मिठाचं पाणी घातलं, झाकण सैल ठेवलं. दोन-तीन दिवसांत बुडबुडे आले, आन खोलीत आपल्या घरचा वास.

बाटली काकूचीच, म्हणून भरून नेऊन दिली. "छान झालाय हो मुळा," काकू म्हणाल्या, आन दुसरी रिकामी बाटली हातात ठेवली. पुढंही तसंच. भरलेली गेली की रिकामी यायची. मी तुझ्या भाऊजीले म्हटलं, किती दिलदार बाई आहे. ते डबा उचलून बशीले निघाले.

मग एक दिवस भंगारवाला काकूकडून निघून आमच्या दारात टोपली उतरवून बसला. टोपलीत माझी बाटली, मुळ्यानं गच्च भरलेली. त्यानं झाकण फिरवलं तसा फस्सकन फेस उसळला, सदरा भिजला.

"काय भरलं बाई यात, सोडा का?"

मी सैल ठेवलेलं झाकण कोणीतरी घट्ट आवळलं होतं, वास येऊ नये म्हणून. उघडलं एकदाही नव्हतं. पहिल्याच दिवशी काकूनं आमच्या भिंतीवरचा बुद्धाचा फोटो पायला होता, मग आडनाव विचारलं होतं. तेव्हा मले वाटलं, ओळख करून राहिल्या.

भांडली नाही मी. काय भांडू? छान झालाय म्हणणाऱ्या बाईले, तू खाल्ला काहून नाही म्हणून?

आताही मुळा घालते. तुझे भाऊजी एकटे किती खातील, खिडकीत आंबून आंबून मऊ पडते. कुहीत मायची बरणी चार दिवस टिकत नव्हती. घर म्हणजे आता मले तेवढंच वाटते, न विचारता बरणीत हात घालणारं कोणी असावं.

तर घे, शांते, न विचारता घे. ओल्या हातानं घे. नासलं तर नासलं.