वाघ दाखवायचा की ऐकवायचा?

आमची फिल्म कपातला चहा थंड व्हायच्या आत संपायची. तिचे किस्से मात्र इतकी वर्षं झाली तरी संपत नाहीत! जुनं कोणी भेटलं की एखादा नवा निघतोच. आणि प्रत्येक किश्शात मीच बरोबर असते. सांगणारी मी आहे ना!

ऐंशीच्या दशकातलं चंद्रपूरचं कॉलेज. प्रमोद आरमोरीचा, तो दिग्दर्शक. शेखरच्या काकांचा कॅमेरा, म्हणून शेखर कॅमेरामन. मी ऊर्जानगरच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या क्वार्टरमधली. बाबांचा टेपरेकॉर्डर माझ्याकडे, म्हणून आवाजाचं खातं माझं. कॅमेरा मुका होता. आवाज वेगळा कॅसेटवर घ्यायचा आणि पडद्यावर चित्र सुरू झालं की टेपचं बटण दाबायचं. गोष्ट साधी होती: एक म्हातारा जंगलात मोहफुलं वेचतोय आणि त्याच्या मागे वाघ आलाय. नागपूरच्या स्पर्धेत पाठवायची होती.

*

म्हातारा म्हणजे कुरखेड्याजवळचे दयारामभाऊ. झाडीपट्टीच्या नाटकांतले नावाजलेले नट. त्या नाटकांत माईक वरून टांगलेले असतात. नट चालत माईकखाली येतो, संवाद फेकतो आणि बाजूला होतो.

मी माईक झुडपात लपवला. शॉट सुरू झाला. दयारामभाऊ मोहाखालून उठले, तरातरा झुडपापाशी गेले आणि झुडपाला म्हणाले, "आज जंगल गप काऊन हाय?"

मग माईक फांदीला बांधला, तर ते फांदीखाली! शेवटी वैतागून मी तो त्यांच्याच टोपलीत, फुलांखाली ठेवला. म्हटलं, आता जा कुठे जाता! भाऊंनी टोपली उचलून तोंडासमोर धरली आणि अख्खा संवाद मोहफुलांना ऐकवला.

प्रमोदने डोक्याला हात लावला. मी म्हटलं, "हाच शॉट ठेव. ओठ दिसत नाहीत, जुळवायची कटकट मिटली!"

*

भाऊंचं थोडं बोलणं मी आमच्या क्वार्टरमध्ये रेकॉर्ड केलं. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, एकदम शांतता. टेप त्यांना गावात ऐकवली. ते कान देऊन ऐकत राहिले.

"बाई, या जंगलात चक्की कोनाची चालून राह्यली?"

वीजकेंद्राची घरघर! इतकी वर्षं कानात बसलेली, मला ती ऐकूच येत नव्हती. घरी येऊन आईला विचारलं, तर ती म्हणाली, "कोणती घरघर?"

*

सागाच्या वाळक्या पानांवरची पावलं कॅसेटवर कढईत भजी तळल्यासारखी वाजायची. मी आईचे पापड आणले आणि माईकजवळ हळूहळू चुरले. हुबेहूब! दुसऱ्या टेकसाठी वळून पाहते तर ताट रिकामं. शेखर तोंड पुसत होता.

"अरे, दयारामभाऊंची पावलं खाल्लीस तू!"

*

खरं भांडण वाघाचं. माझं म्हणणं, वाघ दाखवायचाच नाही. वाघाला पाहून वानरं ओरडतील, मग सगळं जंगल गप्प होईल. बस!

"लोकं काय कानानं पाहतीन काय?" म्हणत प्रमोदने नाटक कंपनीकडून वाघाचा ड्रेस आणला. शेपटी दोऱ्याने शिवलेली. तो अंगात घालून प्रमोद रंगीत तालमीसाठी झाडीत शिरला मात्र, वरच्या वानरांनी खॉक्-खॉक् करून जंगल डोक्यावर घेतलं! माझा टेप चालूच होता. ज्या आवाजासाठी मी रानभर हिंडले होते, तो घरी चालून आला.

मुखवटा काढून प्रमोद ऐटीत म्हणाला, "वानरं फसली, त माणसं काऊन नाई फसनार?"

एकच रीळ शिल्लक होतं. ठरलं असं, की फिल्म आधी भाऊंच्या गावात दाखवायची. वाघ आहे हे गावाला कळलं नाही, तर त्या रिळात प्रमोदचा शेपटीवाला वाघ. मला रडूच येत होतं. महिनाभर जमवलेले माझे आवाज त्या शेपटीखाली जाणार होते.

*

शाळेच्या खोलीत खिडक्यांना गोणपाटं लावली. सगळं गाव दाटीवाटीने बसलं. पुढे दयारामभाऊ आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको, राधाबाई. मागच्या भिंतीपाशी ड्रेसची पिशवी मांडीवर घेऊन प्रमोद.

पडद्यावर भाऊ वाकून फुलं वेचू लागले. गावातली पोरं हसली. पापडांची पावलं वाजली. मग वानरं ओरडली आणि हसू थांबलं. त्यानंतर मी सगळं बंद केलं होतं. पाखरू नाही, किडा नाही, पान नाही. नुसते भाऊ, पाठमोरे.

राधाबाई ताडकन उठल्या आणि पडद्याकडे हात करून ओरडल्या, "अवो, मांगं पाहा ना! मांगं हाय तो!"

पडद्यावरचे दयारामभाऊ फुलं वेचत राहिले. शेजारी बसलेल्या दयारामभाऊंनी मात्र गर्रकन मागे वळून पाहिलं.

आणि मांडीवर वाघाची पिशवी घेऊन बसलेल्या प्रमोदनेसुद्धा!